होकारांची वही

श्रवणयंत्र दुरुस्ती केंद्रात फोनवर बसणाऱ्या ताईंचा आवाज इतका मऊ होता, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला त्या फोनवर बोलताहेत की मनाशी काही आठवताहेत, याचा पत्ता लागत नसे. मोठ्यानं बोलणं म्हणजे भांडण, अशी त्यांची पक्की समजूत. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण नवऱ्याला त्यांनी आवाज चढवून एकदाच हाक मारली होती, आणि तीही दूध उतू चाललं होतं म्हणून. नवरा अजून तो प्रसंग पाहुण्यांना रंगवून सांगतो.

केंद्र म्हणजे तीन खोल्या. पुढे ग्राहकांची खोली, तिथे बाकडी आणि काचेची खिडकी. मधे दुरुस्तीवाल्याची खोली, तिथे भिंग, चिमटे, आणि शेंगदाण्याएवढी यंत्रं ठेवायचे छोटे खण. सगळ्यात मागे ताईंची खोली, तिथे एक फोन, एक वही आणि खिडकीत एक कुंडी. पुढच्या खोलीत दिवसभर आरडाओरडा चाले, मागे ताईंकडे मात्र कसलाही गलका नसे. दार लावलं की झालं. ग्राहकांशी त्यांचा संबंध फक्त तारेतून.

फोन करायची पद्धत ताईंनीच काढलेली. त्याआधी ग्राहकाला तारखेची चिठ्ठी देत. बिचारा त्या तारखेला यायचा, यंत्र तयार नसायचं, परत जायचा, परत यायचा. एकदा पुढच्या खोलीतल्या काचेतून ताईंनी छत्री टेकत आलेल्या एका आजींना तिसऱ्यांदा माघारी जाताना पाहिलं. त्याच दिवशी त्या केंद्र चालवणाऱ्या मॅडमसमोर जाऊन बसल्या.

"मॅडम, लोकांना आपण उगाच हेलपाटे का घालायला लावतो? यंत्र तयार झालं की मी स्वतः फोन करत जाईन. मग त्यांनी निवांत यावं."

मॅडमना ते फार पटलं. वरच्या कचेरीलाही पटलं. 'ग्राहकाच्या जागी उभं राहून केलेला विचार' अशा शब्दांत कौतुकाचं पत्र आलं, मॅडमनी ते चौकटीत घालून पुढच्या खोलीत लावलं. ताईंनी फोनवर काय बोलायचं तेही लिहून काढलं. नमस्कार, आपलं यंत्र दुरुस्त होऊन तयार आहे, उद्या अकरा ते पाच या वेळात येणं जमेल का, काही अडचण असल्यास जरूर सांगा. पुढे वहीचे रकाने: तारीख, वेळ, ग्राहक काय म्हणाले. शेवटच्या रकान्यात लिहिण्यासारखं दोनच प्रकारचं असे. होकार दिला, किंवा फोन उचलला नाही. नियमही सोपा होता. होकार देऊन पंधरा दिवसांत कुणी फिरकलं नाही, तर यंत्र मुख्य गोदामात परत. मग नव्यानं अर्ज करा आणि दोन-तीन महिने वाट बघा.

पहिले दोन महिने सगळं सुरळीत गेलं. मग एक दिवस एक निवृत्त सुतार पुढच्या खोलीत येऊन कडाडला. त्याचं यंत्र गोदामात गेलं होतं.

"मला कुणी काही कळवलंच नाही!"

ताईंना बोलावणं आलं. त्या वही घेऊन बाहेर आल्या. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, मंगळवार, साडेबारा, होकार दिला.

"मी बोलले तुमच्याशी," ताई म्हणाल्या, अर्थातच हळू. "तुम्ही हो म्हणालात."

"काय म्हणताय?" सुतार ओरडला.

दुरुस्तीवाल्यानं मधे पडून त्याला बाजूला नेलं, कानाशी तोंड नेऊन समजावलं. सुतार गेला तो पुटपुटतच. दुरुस्तीवाला ताईंना म्हणाला, "सोडा हो ताई. वय झालं की विसरतात माणसं."

हे वाक्य तो सहज बोलून गेला, पण ताईंच्या काळजात ते रुतून बसलं. कारण त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आई छप्पन्न वर्षांची होती. एका सकाळी म्हणाली, शेजारीण येऊन गेली, आम्ही तासभर गप्पा मारल्या. शेजारीण तेव्हा गावातच नव्हती. मग न आलेली माणसं रोज येऊ लागली, न झालेली बोलणी होऊ लागली, आणि शेवटी शेवटी आई ताईंनाच विचारायची, तुम्ही कुणाकडे आलात? ताईंना आता चौपन्नावं लागलं होतं.

सुतारानंतर एक शिंपीणबाई. मग एक निवृत्त नर्स. मग कुणी ना कुणी, दर दोन-तीन आठवड्यांनी एक. प्रत्येकाचं म्हणणं तेच, आम्हाला कुणी कळवलं नाही. आणि वहीत प्रत्येकाचा होकार. एक माणूस खोटं बोलेल, दोन बोलतील. पण एकमेकांची ओळखदेख नसलेली नऊ माणसं तंतोतंत एकच खोटं का बोलतील? ताईंनी या प्रश्नाची सगळ्या बाजूंनी उलटतपासणी केली आणि प्रत्येक वेळी त्या एकाच माणसापाशी येऊन थांबल्या, तो माणूस म्हणजे त्या स्वतः.

म्हणजे आपण फोन करतच नाही की काय? नुसतं वहीत लिहितो, आणि केला असं आपल्याला वाटतं?

मग घरात परीक्षा सुरू झाल्या. दुकानातून आणायच्या वीस वस्तू त्या पाठ करून जात आणि वीसच्या वीस घेऊन येत. तरी समाधान नाही. एका संध्याकाळी नवरा चपला काढतोय न काढतोय तोच त्यांनी विचारलं, "अहो, मी सकाळी तुमच्याशी बोलले का?"

"बोललीस की."

"काय बोलले?"

नवऱ्याला घाम फुटला. लग्नाच्या बायकोनं असं विचारलं की त्यामागे काहीतरी विसरलेली गोष्ट असते, हे तो अनुभवानं शिकला होता. "अगं, ते आपलं... नेहमीचंच," तो म्हणाला.

"म्हणजे बोललेच नाही मी," ताई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. तो बिचारा एक चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिला. आपण नक्की काय विसरलो याचा त्यानं पुढे तीन दिवस शोध घेतला.

ताईंनी वहीत आता जास्त बारकाईनं लिहायला घेतलं. होकार दिला, एवढ्यावर न भागवता ग्राहकाचे शब्दच्या शब्द उतरवायचे, म्हणजे पुरावा राहील. झालं उलटंच. लिहिलेलं वाचताना त्या अधिकच चक्रावल्या. 'उद्या येणं जमेल का' यावर एक गृहस्थ म्हणाले होते, हो हो, पाऊस आहे थोडा. एक बाई म्हणाल्या होत्या, बरं बरं, तुम्हालाही. आणि एक निवृत्त बस कंडक्टर होते, त्यांना तीनदा फोन झाला होता. तिन्ही वेळा त्यांचं उत्तर असं, की हो हो, बरा आहे मी, तू ये, कधीही ये. ताईंसारख्या परक्या बाईला हा माणूस अगं-तुगं का करेल? म्हणजे ऐकण्यातही आपली गफलत होतेय, असं त्यांनी ठरवून टाकलं. आईलाही अशीच भलतीसलती वाक्यं ऐकू यायची.

एकदा धीर करून त्यांनी दुरुस्तीवाल्याला खोलीत बोलावलं. "अरे, मी फोन करते, तू फक्त इथे उभा राहा. आणि मग मला सांग, मी फोन केला की नाही."

त्यानं त्यांच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण उभा राहिला. पलीकडे एका आजोबांच्या सुनेनं फोन उचलला. नीट ऐकून घेतलं, वेळ विचारून घेतली आणि दुसऱ्या दिवशी बरोबर साडेअकराला आजोबांना घेऊन हजर झाली. सगळं कसं आखल्यासारखं. ताईंचा गोंधळ यानं कमी व्हायचा तो दुप्पट झाला. माणूस शेजारी उभा असला की आपण फोन करतो, एकटे असलो की करत नाही, असं कसं होईल?

अकरावी तक्रार आली तेव्हा मॅडमनी त्यांना आत बोलावून दार लोटून घेतलं. मॅडम वाईट नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं.

"ताई, तुमच्यावर ठपका नाही हं. पण तुम्ही थकलाय. शुक्रवारपासून फोनचं काम त्या नव्या मुलीला देऊ या. तुम्ही खणांवरच्या चिठ्ठ्या बघा. आणि... एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

ताई मान हलवून बाहेर आल्या. आपल्या खोलीत बसून त्यांनी कागद घेतला आणि राजीनामा लिहिला. चिठ्ठ्या तरी कशाला? आज फोन विसरला, उद्या एकाचं यंत्र दुसऱ्याच्या खणात जाईल. मग तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. भीती कशाची होती? नोकरीची नव्हतीच. आपल्या मुलीला आपण एक दिवस विचारू, तुम्ही कुणाकडे आलात, याची होती.

शुक्रवारी गोदामाची गाडी येणार होती आणि त्यात कंडक्टरांचं यंत्र जाणार होतं. गुरुवारी दुपारी ताईंनी ती डबी खणातून काढली, सहीच्या वहीत नोंद केली, कार्डावरचा पत्ता आणि नंबर उतरवून घेतला आणि बसमध्ये बसल्या. एवढ्या वर्षांत ग्राहकाच्या घरी त्या पहिल्यांदाच चालल्या होत्या. यंत्र पोचवणं हे निमित्त. त्यांना त्या माणसाच्या समोर उभं राहून फक्त एक विचारायचं होतं, मी तुम्हाला फोन केला होता की नव्हता? नव्हता म्हणाला, तर राजीनामा उद्या सकाळी मॅडमच्या टेबलावर.

इमारत जुनाट होती, जिना अरुंद. तिसऱ्या मजल्यावर दोन दारं, त्यातलं एक कंडक्टरांचं. ताईंनी घंटी वाजवली. थांबल्या. परत वाजवली. घरात नसावेत. दाराशेजारी खिडकी होती, पडदा अर्धा सरकलेला. डोकावणं ताईंच्या स्वभावात नव्हतं, तरी त्यांनी डोकावलं. खुर्चीत एक उंच, हाडकुळे आजोबा बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र. अगदी मजेत. घंटीचं त्यांना काही नव्हतं.

दार ठोकणं म्हणजे ताईंच्या दृष्टीनं दांडगाईच. म्हणून त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि आजोबांचा नंबर लावला. आत आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी थरथरलं. ते दचकले. छातीवर हात नेला आणि फोन काढला. मग त्यांनी जे केलं, ते ताई कधी विसरणार नाहीत. ते उठून उभे राहिले, डोक्यावरून हात फिरवून केस बसवले, आणि फोन कानाला लावला.

ताई बोलायचं विसरल्या. 

"हो हो," आजोबा आत म्हणाले. थोडं थांबले. मान हलवली. "बरा आहे मी. हो. जेवलो." परत थांबले. हसले. "छे गं, एकट्याला काय त्रास? तू ये ना. कधीही ये."

खिडकीबाहेर ताई फोन कानाला लावून गप्प उभ्या होत्या. एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आणि आत संभाषण झकास चाललं होतं.

ते कळायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. कानांच्या यंत्राचं दुकान. यंत्र दुरुस्तीला दिलेला माणूस. म्हणजे ज्याच्या कानात या घडीला काहीच नाही, असा माणूस. आणि त्याला आपण वर्षभर फोन करतोय! हळू आवाजात! सून असेल, नातू असेल, तिथे फोन दुसरंच कुणी उचलायचं आणि काम व्हायचं. अकराच्या अकरा माणसं एकटी राहणारी असणार. त्यांना कुणीतरी बोलतंय एवढाच अंदाज. आणि परत परत 'काय म्हणालात' विचारायची आयुष्यभराची लाज, म्हणून सरसकट हो हो.

ताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. आधी त्यांना हसू आलं, पोट धरून, आवाज न करता. मी फोन केला होता. सगळ्यांना केला होता. माझं डोकं शाबूत आहे. मग हसता हसता त्यांना छत्रीवाल्या आजी आठवल्या आणि हसू कुठल्या कुठे गेलं. ज्यांची दया येऊन हे सगळं केलं, त्यांच्या जागी आपण कधी उभ्याच राहिलो नाही. त्यांना हेलपाटे पडू नयेत म्हणून झटलो, आणि ती माणसं तीन-तीन महिने मुकाट घरात बसून राहिली. सुटल्यासारखं वाटावं की शरमून जावं, हे त्यांना कळेना. दोन्ही एकदमच वाटत होतं.

शेवटी उठून त्यांनी खिडकीच्या काचेवर दोन्ही हात हलवले. आजोबांनी दार उघडलं. ताईंनी केंद्राचं ओळखपत्र दाखवलं, बोलल्या. आजोबा "हो हो, या, बसा" म्हणाले. चष्मा नाही, यंत्र नाही, तरी आदरातिथ्यात कसूर नाही. ताईंनी डबी उघडून त्यांच्या तळहातावर ठेवली. आजोबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी यंत्र कानात बसवलं, त्यातून एक बारीक शिटी निघाली.

"तुमचं यंत्र तयार आहे!" ताई आयुष्यात दुसऱ्यांदा ओरडल्या.

"अहो बाई, हळू," आजोबा कान धरत म्हणाले. "बहिरा करता का मला?"

मग ताईंनी सगळं सांगितलं. मी अमुक ठिकाणाहून आले, तीनदा फोन केला होता, आणि आत्ता बाहेरून केला तोही मीच. आजोबा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे ती नव्हती?"

"कोण?"

"माझी बहीण. लांब असते. पूर्वी फोन करायची, मग काहीतरी बिनसलं. मला वाटलं, तिचा राग गेला." ते खुर्चीत बसले. "शेजाऱ्यांना पण सांगितलं मी. म्हटलं, बहिणीचा फोन येतो हल्ली."

ताई रिकाम्या डबीचं झाकण लावत राहिल्या. चूक झाली म्हणावं तर कशाची? यंत्र दिलं हे बरोबर. फोन केला तेही बरोबरच म्हणायचं. आणि मधल्या मधे या माणसाची बहीण आपण आणली आणि आपणच नेली. याला कुठला रकाना?

"काय सांगत होता तुम्ही एवढं?" आजोबांनी विचारलं. "बराच वेळ चालायचं. आत्ता सांगा, होतं तसं."

ताईंना संकोच वाटला, पण त्या म्हणाल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. नमस्कार. आपलं यंत्र दुरुस्त होऊन तयार आहे. उद्या अकरा ते पाच या वेळात येणं जमेल का? काही अडचण असल्यास जरूर सांगा.

आजोबांनी डोळे मिटून ऐकलं. बराच विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "नाही जमायचं. गुडघा धरलाय दोन महिने. तीन जिने उतरायला अर्धा तास लागतो, आणि बसची पायरी उंच असते. कुणी आणून दिलं तर बरं होईल."

वर्षभरात त्या प्रश्नाला खुद्द यंत्रवाल्याकडून मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर होतं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथेच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, उद्या फोन त्या मुलीला देऊ नका. कुणालाच देऊ नका. अहो, आपण ऐकू न येणाऱ्यांना फोन करतोय! मी आत्ता कंडक्टरांकडे आहे. मी काही बोललेच नाही, तरी ते माझ्याशी बोलत होते. त्यांना मी त्यांची बहीण वाटले, आणि..."

"बरं बरं, ताई," मॅडम मधेच म्हणाल्या. आवाजात केवढी माया होती. "हो. कळलं मला. तुम्ही आहात तिथेच बसा हं. मी तुमच्या मिस्टरांना कळवते."

ताईंनी फोन कानापासून दूर धरून क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. ही असली माया त्यांच्या ओळखीची होती. त्या स्वतः आईशी अशाच बोलायच्या. आजोबा खुर्चीतून काळजीनं बघत होते, पुढे वाकून, एकेक शब्द टिपत.

"मॅडम," ताई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला असावा, "तुम्ही आत्ता जे केलंत ना, तेच ती अकरा माणसं माझ्याशी करत होती. तुम्हाला ऐकू आलेलं नाही. मी पहिल्यापासून परत सांगते. पण माझं पूर्ण होईपर्यंत हो म्हणू नका."